हिरव्या लेबलामागे काय?

सबमिशन जवळ आलं की हॉस्टेलबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे रांग लागते. हल्ली तिथे 'इको-फ्रेंडली' पेनंही दिसतात. आम्ही पडलो कॉन्व्हेंटवाले, लेबलवरचं इंग्रजी आधी वाचणार! पण इंजिनिअरने वस्तू उघडूनही बघायला हवी ना? उघडली. बाहेर कागद, आत तीच प्लॅस्टिकची रिफिल आणि धातूची टीप. नुसता कोट बदललाय!

दुसरं पेन मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या पी.एल.ए. प्लॅस्टिकचं. ते कुजतं हे खरं, पण त्याला कंपोस्ट प्लँटमधलं साधारण 60 अंश सेल्सिअस तापमान लागतं. मेसमागच्या उकिरड्यात ते कित्येक वर्षं तसंच पडून राहील.

रिसायकल्ड कागद त्यामानाने बरा. पण त्याचेही तंतू दर फेरीत आखूड होत जातात.

म्हणून लेबल बाजूला ठेवून विचारावं, वस्तू कशाची, टिकणार किती आणि शेवटी जाणार कुठे? या तोंडी परीक्षेत शाई भरायचं जुनं पेन सहज पास होतं. आपलं जर्नल मात्र नापास! एकाच बाजूला लिहायचा नियम असेल तर कागद कितीही 'हिरवा' आणा, निम्मा कोराच रद्दीत जातो.

सर, मॅडम, पुढच्या सेमिस्टरपासून पाठपोट लिहू द्याल?