काय ठेवायचं

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. उन्हातून आलेला माणूस तांब्या तोंडाला लावतो, तो रिकामा करूनच खाली ठेवतो. माझ्या रुग्णांना ती मुभा नाही. एक घोट, मग थांबायचं, मग दुसरा. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली, की माणसाला पाणी पिणंसुद्धा नव्यानं शिकावं लागतं.

ओपीडीत कुणी हलक्या आवाजात विचारतं, "गडकरी साहेबांनी केलं थे ऑपरेशन का?" नितीन गडकरींनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली होती. शरीराची लाज बाळगत आलेल्यांना त्या ओळखीच्या नावाचा धीर वाटतो.

मी जास्त करतो ती स्लीव्ह. दुर्बिणीतून जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढतो. उरते केळ्याच्या आकाराची नळी. माप चुकू नये म्हणून तोंडावाटे बुजी नावाची बोटाएवढी जाड नळी आत सरकवतात आणि तिच्या कडेनं स्टेपलर चालतो. तो मिटला की मी लगेच चालवत नाही. ऊतकातला ओलावा दबू देतो, मनात पंधरा आकडे मोजतो. दोन ठिकाणी हात आणखी सावकाश होतो. जठराच्या वळणावर आवळलं, तर पुढं घास अडतो. वर अन्ननलिकेला खेटून गेलं, तर टाका गळण्याची भीती. काढलेला भाग सगळ्यांना दिसतो. माझं सगळं लक्ष मात्र मागं काय ठेवतोय, याच्याकडं असतं.

काढलेल्या भागातच भुकेचं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तयार होतं. म्हणून जागा कमी होते, तशी भूकही मंदावते.

जुना मधुमेह किंवा छातीत सतत जळजळ असेल, तर बायपासचा विचार करतो. त्यात जठराच्या वरच्या टोकाशी दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करून तिला लहान आतड्याचा पुढचा भाग जोडतात. अन्न आतड्यात लवकर पोचतं, तिथली संप्रेरकं जोरात स्रवतात आणि वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत साखर खाली येऊ लागते. ते आकडे पाहताना मला आजही नवल वाटतं.

मूर्तिजापूरकडची एक बाई वर्षभरानं आली. घरी रोडग्यांची पंगत झाली होती. आग्रह करणाऱ्यांना तिनं एक तुकडा आणि वरण दाखवून थांबवलं.

"भूकच लागून नाही राह्यली, साहेब," ती म्हणाली. "आता आठवण ठिवून जेवा लागते."

ते ऐकून मी पेन उचललं. बी-१२, लोह, कॅल्शियम, प्रथिनं. तपासण्यांची चिठ्ठी लिहिली. वर्षानुवर्षांची भूक मी घेतली होती. तिची आठवण ठेवण्याचं काम तिच्या एकटीवर कसं सोडू?