'ऑफिशियल' या शब्दातील विनोद

इंग्रजी वाक्याचा अर्थ कळणे आणि त्या वाक्याचे हसू येणे या दोन क्रियांमधील अंतर आपल्या भाषाध्यापनाने फारसे मोजलेले नाही. मला ते दूरदर्शनवरील एका जाहिरातीने दाखवून दिले. १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भारत, पाकिस्तान व श्रीलंका येथे क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा झाली. कोका-कोला हे स्पर्धेचे अधिकृत शीतपेय होते. ते स्थान न मिळालेल्या पेप्सीने 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट' अशी जाहिरातमालिकाच काढली. हर्सूलमध्ये शेजाऱ्यांच्या घरी आम्ही सामने पाहत असू. मराठी माध्यमात तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असे (पहिलीपासूनचे इंग्रजी २००० साली आले). तरीही नववीतल्या मला हे चारही शब्द ठाऊक होते. 'यात अधिकृत असे काहीच नाही' हे भाषांतर बिनचूक होते. हसू मात्र आले नाही. इंग्रजी शाळेत शिकणारा त्या घरचा पाहुणा खळखळून हसला, आणि आम्ही त्याच्याकडे पाहत राहिलो.

त्या हसण्यामागे दोन गोष्टींचे ज्ञान होते. प्रायोजकत्वाची स्पर्धा ही त्यांतली एक; ती वर्तमानपत्रातून कळू शकली असती. दुसरी अवघड होती. 'ऑफिशियल' या शब्दाला त्या मुलाच्या जगात कडक इस्त्रीचा, कंटाळवाण्या शिष्टाचाराचा वास होता. आमच्या घरांत तोच शब्द तहसील कचेरीतल्या गोल शिक्क्याशी जोडलेला होता. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज: शिक्का नाही म्हणजे प्रवेश नाही. आपल्यावर शिक्का नाही हे कोणी मिरवावे कशासाठी? शिक्का ज्याला जन्मतःच मिळाला आहे, त्यालाच तो झुगारण्याची चैन परवडते.

वस्तुतः ही सरळ व्याजस्तुती आहे. निंदेच्या मिषाने केलेली स्वतःची स्तुती. अलंकार आम्ही मराठीच्या तासाला शिकत होतो. इंग्रजीच्या तासाला मात्र अभिधेच्या पलीकडे कोणी नेत नसे. शब्दार्थ, रिकाम्या जागा, भाषांतर, एवढ्यावर ती भाषा संपे. व्यंजना ही जणू मराठी-संस्कृतचीच मिरास! अमूलच्या 'अटरली बटरली' मधला दुसरा शब्द कोशात सापडत नाही, म्हणून तो चुकीचा ठरवणारे शिक्षकही याच परंपरेतले.

आता व्याजस्तुती शिकवताना मी पेप्सीचे ते वाक्य फळ्यावर लिहितो. अलंकार विद्यार्थी चटकन ओळखतात. वाद होतो तो प्रतिशब्दावर. 'अधिकृत' म्हटले की विनोद मरतो, 'सरकारी' म्हटले की थोडा तगतो, कारण 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' हे सर्वांच्या तोंडी असते. परंतु ते हसणे दिरंगाईला आहे, शिक्क्याला नाही. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने याच मुद्द्यावर मला अडवले: तिचा दाखला त्या आठवड्यात यायचा होता, आणि 'सरकारी' या शब्दाला हसायला तिची तयारी नव्हती.