स्वस्तातलं युकुलेले

स्वस्तातलं युकुलेले बेसूर वाजलं की सगळे प्लॅस्टिकला नावं ठेवतात. बिचाऱ्या प्लॅस्टिकचा त्यात फारसा दोष नसतो. मारिओ माकाफेरीने १९४९ मध्ये अमेरिकेत ‘आयलँडर’ हे प्लॅस्टिकचं युकुलेले काढलं आणि ते लाखांनी खपलं. हा गृहस्थ कुणी खेळणीवाला नव्हे. पॅरिसच्या सेल्मर कंपनीसाठी त्याने नावाजलेल्या गिटारी घडवल्या होत्या.

भाचीसाठी आणलेल्या प्लॅस्टिकच्या सोप्रानो युकुलेलेच्या तारा मी जी-सी-ई-ए अशा लावल्या. नायलॉनच्या नव्या तारा ताणत राहतात. लावली की उतरली. बोटाने हलकेच वर ओढायची, परत पिळायची. असं करता करता त्या ठरल्या.

तरी एफची कॉर्ड कानाला टोचायची. सुट्या तारा ट्यूनरवर चोख, पण ई तार पहिल्या पडद्यावर दाबली की सूर चढा! खोट मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीत होती. तिच्या खाचा उथळ असल्या की तार पडद्यापासून उंच राहते, दाबताना जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. याची परीक्षा सोपी आहे. तार तिसऱ्या पडद्यावर दाबून धरायची आणि पहिल्या पडद्याशी डोळा न्यायचा. तिथे केसाएवढी फट हवी. माझ्याकडे पोस्टकार्ड सहज गेलं असतं.

बारीक कानशीने खाच दोन-तीनदा घासायची, तार बसवायची, पुन्हा बघायचं. इथे घाई नको. खाच खोल गेली तर सुटी तार पडद्यावर झणझणते, आणि तंबोऱ्यात मुद्दाम आणतात ती जवारी इथे कुणालाच नको असते. चारही खाचा उरकल्यावर एफ ठिकाणावर आला, बोटांनाही जोर कमी लागू लागला.

बाराव्या पडद्यावर मात्र ए तार अजून किंचित चढी बोलते. पडदे आणि घोडी साच्यातच ओतलेली, तिथे कानशीचं काही चालत नाही. पण भाचीची गाणी पहिल्या चार-पाच पडद्यांतच आटोपतात. आवाज थोडा पातळ आहे, पण पावसाळ्यात माझी लाकडी गिटार रुसून बसते तेव्हा हे खुशाल बाल्कनीत वाजतं. आता कुणी असलं वाद्य घ्यायला निघालं की मी सांगतो, दुकानातच सुटी तार आणि तिचा बारावा पडदा ट्यूनरवर ताडून बघा. खाचांचं घरी पाहता येईल.