एक्स्पोर्टचा ट्रे, लोकलचा ट्रे

भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा. भाच्याला तिथे बिल द्यायचं होतं, मी सोबत. टेबलावर दोन निळे प्लास्टिकचे ट्रे शेजारी शेजारी. दोन्हींत एकाच डिझाइनचे टॉप्स, मधे लाल खडा, भोवती सात पांढरे. मी एक उचलला तसा मालक म्हणाला, "सर, तो राहू द्या. एक्स्पोर्टचा आहे. बघायचा तर लोकलचा बघा."

फरक काय, विचारलं.

"दिसायला काही नाही." जरा थांबून, "त्याला निकेल नाही मारलेलं."

घरी येईपर्यंत विसरेन म्हणून हे वाक्य दुधाच्या बिलामागे लिहून ठेवलं. ही वही तिथून सुरू झाली.

*

निकेल मारतात कुठे? पितळेच्या पिसावर आधी तांबं, त्यावर निकेल, आणि शेवटी सोन्याचा नुसता हात, ज्याला गाळ्यात ‘फ्लॅश’ म्हणतात. मधलं निकेल दोन कामं करतं. एक, पीस आरशासारखा चमकतो. दुसरं, खालचं तांबं वर सरकून सोन्याला काळवंडत नाही. निकेल वगळायचं तर त्या जागी व्हाइट ब्राँझ, म्हणजे तांबं-कथलाचा मिश्रधातू, नाहीतर पॅलेडियम. पॅलेडियमचा भाव काढला तर मालक नुसता हसला.

सोन्याचा थर इतका पातळ की वापरात तो कानाच्या पाळीवरच झिजतो. मग कातडीला भिडतं ते निकेल. घामातलं मीठ आणि आम्ल त्याचे कण सोडवतात, कण कातडीत शिरतात, आणि शरीर एकदा का त्यांना शत्रू म्हणून ओळखायला शिकलं की ती ओळख सहसा जन्मभर पुसत नाही. पुढच्या खेपेला एक-दोन दिवसांत चट्टा, खाज, पाणी. आपल्याकडे म्हणतात, "मला बेंटेक्स सोसत नाही." म्हणजे दोष सोसणारीचा.

*

युरोपात या खाजेचा इतिहास कपड्यांच्या फॅशनमधून वाचता येतो. आधी मांडीवर चट्टे यायचे, कारण मोजे धरणाऱ्या पट्ट्यांच्या धातूच्या कड्या. त्या गेल्या आणि जीन्स आली, तेव्हा चट्टा बेंबीखाली सरकला, बटणापाशी. मग कान टोचायची लाट आली आणि चट्टा कानावर पोचला. चट्ट्याची जागा विचारली की बाईचं दशक कळावं, असा प्रकार. आधी नियम केला डेन्मार्कने, १९९०च्या सुमारास. १९९४ मध्ये युरोपीय संघाने निकेलचा निर्देश काढला आणि २००१च्या जुलैपासून तो पुरता लागू झाला. आता तो ‘रीच’ या मोठ्या रसायन-कायद्यात आहे. हा कायदा १ जून २००७ पासून अमलात आला. त्याचं काम बघणारी संस्था हेलसिंकीत बसते.

*

मर्यादा अशी: कातडीला बराच वेळ लागून राहणाऱ्या वस्तूतून दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. टोचलेल्या भोकात जाणाऱ्या काडीला आणखी कडक, ०.२.

तपासायची रीत मला फार आवडली. आधी पीस घासणाऱ्या भुकटीबरोबर पिंपात फिरवून दोन वर्षांची झीज काही तासांत आणायची. मग तो कृत्रिम घामात आठवडाभर बुडवून ठेवायचा. मीठ, लॅक्टिक आम्ल, युरिया आणि पाणी, तापमान ३० अंश.

३० अंश! हा तर भाईंदरचा जानेवारी. सकाळी पावणेनऊच्या गाडीत, दहिसरपर्यंत दारात एका पायावर उभी राहिलेली मुलगी मेमध्ये जो घाम गाळते, त्याची बाटली कोणी हेलसिंकीला पाठवलेली नाही.

*

‘बराच वेळ’ म्हणजे किती, यावर तिथे भरपूर काथ्याकूट झाला. २०१४ साली ठरलं ते असं: दोन आठवड्यांत एकदा जरी सलग अर्धा तास, किंवा तीन वेळा दहा-दहा मिनिटं कातडीला लागलं, तरी तो दीर्घ स्पर्श. वाचल्यावर आईचं मंगळसूत्र आठवलं. लग्नापासून एकेचाळीस वर्षं ते आंघोळीलाही उतरलं नाही. तिचं सोन्याचं होतं म्हणा. पण खालच्या मजल्यावरच्या काकू खरं मंगळसूत्र डब्यात ठेवतात आणि गाडीत चोरांच्या भीतीने खोटं घालतात. मानेवर मागच्या बाजूला मण्यांची ओळ उमटावी तसा तपकिरी पट्टा आहे. विचारलं तर म्हणतात, "तो होय, तो उन्हाचा."

*

सोनाराकडे गेलं की हॉलमार्क दाखवतात. २०२१ पासून दागिन्यावर सहा आकडी-अक्षरी ओळख असते, मोबाइलवर टाकली की शुद्धता समोर. खोट्या दागिन्याच्या कार्डावर स्टेशनबाहेरच्या दुकानात एवढंच छापलेलं: ‘अँटी-अ‍ॅलर्जिक’. कोणी तपासलं, कशात बुडवलं, किती दिवस? दुकानदार म्हणाला, "काका, तसंच छापून येतं."

*

युरोपाची गंमतही नोंदवायला हवी. २००२ साली युरोची नाणी नवी असताना झुरिकच्या संशोधकांनी एक आणि दोन युरोची नाणी मोजली. त्यांच्याच निर्देशात दिलेल्या मर्यादेच्या २४० ते ३२० पट निकेल सुटत होतं. ‘नेचर’मध्ये छापून आलं. पण नाणं कानात घालत नाहीत, हातात धरून पुढे देतात, म्हणून ते नियमात बसत नाही. आपला साठच्या दशकातला रुपया अख्खा निकेलचा होता. तो आई पदराच्या गाठीला बांधायची, पोटाशी. तिथे कधी खाज आली का, हे विचारायचं राहिलं.

*

दोन ट्रेंची ही गोष्ट एकट्या दागिन्यांची नाही. नाशिकचा एक द्राक्षवाला मित्र २०१०चं साल अजून शिवी घालूनच उच्चारतो. त्या वर्षी एप्रिलमध्ये युरोपात पोचलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. बागायतदारांच्या तोंडी ते ‘सीसीसी’. वेलीची वाढ आवरायला फवारतात. मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. इथून माल निघताना ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्या यादीत हे नावच नव्हतं. कंटेनर बंदरात अडकले, बाजार कोसळला, वर्षभराची मेहनत गेली. पुढच्या हंगामात यादी वाढली आणि बागा सावध झाल्या.

मित्र सांगतो, "अक्कल आली ती त्यांच्या धाकानं, हे खरंय. पण रानात कोणता प्लॉट एक्स्पोर्टचा, हे गड्यालासुद्धा माहीत असतं. त्या ओळीत तो जपून फवारतो."

मार्चमध्ये भाईंदर स्टेशनच्या पुलाखाली हातगाडीवर पुठ्ठ्याची पाटी असते, ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’. मी घेतो. मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून खातो, आणि त्याने सीसीसी निघत नाही हेही मला ठाऊक आहे.

*

उत्तनच्या बाजारात माकूल साफ करताना बघत राहावं. कोळीण डोकं धरून एक हिसका देते, की आतलं सगळं एका झोक्यात बाहेर: शाईची पिशवी, आतडं, आणि काचेसारखी पारदर्शक काडी. शाई फुटली तर माझ्या शर्टावर, तिच्या हातावर नाही. युरोपात माकुलासाठी कॅडमियमची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅम, आणि ती आतला कोठा काढून टाकलेल्या मांसासाठी, कारण कॅडमियम मुख्यतः त्या कोठ्यातच साठतं. मी हे मावशींना सांगू लागलो. त्यांनी कोठा मांजराकडे भिरकावला. "खाऊचा नाय तो, आजी सांगायची." मांजराने मात्र खाल्ला.

*

अकोल्याची बातमी, जानेवारी २०२३ मधलं कात्रण. एका घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली. केईएमच्या डॉक्टरांनी माग काढला तो गोरं करणाऱ्या क्रीमपर्यंत, आत पारा. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत पारा मुद्दाम घालायला जागाच नाही. चुकून आलेला दशलक्षात एक भागापर्यंत चालतो, फक्त डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांना वेगळी सवलत. म्हणजे कागदावर आपण युरोपाच्या फारसे मागे नाही. डबीपर्यंत कागद पोचत नाही.

*

मीरा रोडला नेलआर्टची दुकानं आता वडापावच्या गाड्यांइतकी झालीत. जेल नखावर घट्ट करायला दिव्याखाली बोटं धरतात. त्या जेलमध्ये असणारं ‘टीपीओ’ युरोपाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंद केलं, प्रजननाला घातक म्हणून. भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "मामा, बाटलीवर टीपीओ-फ्री लिहिलंय." बघितलं, खरंच लिहिलं होतं. ही बाटली कोणत्या ट्रेमधली, एवढंच बघायचं राहिलं.

*

एक गोष्ट खटकत राहते. ०.५चा आकडा घालणारीसाठी आहे. गाळ्यात निकेलच्या टाकीपाशी जो पोऱ्या तारेला टांगलेले पीस बुडवतो-काढतो, त्याचं काय? हातमोजे खुंटीला होते. "मोज्यात पीस सटकतो," म्हणाला. त्याच्या बोटांच्या पेरांवर भेगा होत्या, पावसाळ्यात चिखल्या होतात तशा. दागिन्याच्या तपासणीत त्याची बोटं कुठेच येत नाहीत.

*

बत्तीस वर्षं बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. क्षारपरीक्षणात निकेल निघालं की मुलं खूश व्हायची, कारण डायमिथाइलग्लायॉक्सिम घातलं की लगेच गुलाबी. अख्ख्या प्रॅक्टिकलमधला सगळ्यात देखणा रंग. तेच द्रावण, थोडा अमोनिया, कानकोरणीचा कापूस, आणि वस्तूवर अर्धा मिनिट घासायचं. ओळखीच्या प्रयोगशाळेतून छोटी बाटली आणली.

आधी घरचा स्टीलचा चमचा, भाईंदरमध्येच ठोकलेला. १८-८ म्हणजे शंभरात आठ भाग निकेल. कापूस पांढराच. वरचा क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य थर निकेलला सुटू देत नाही. म्हणूनच युरोपाचा तो नियम आत किती आहे हे विचारत नाही, बाहेर किती येतं ते विचारतो. वर्गात हे एका वाक्यात सांगता आलं असतं, तेव्हा सुचलं नाही.

मग गाळ्यातून मागून आणलेले दोन टॉप्स. एक्स्पोर्टचा: पांढरा. लोकलचा: गुलाबी, तोच देखणा गुलाबी.

काकू दारातून बघत होत्या. त्या घरी खडे चिकटवायचं काम घेतात. ताटलीत खडे, काडीच्या टोकाला मेण, खडा उचलायचा आणि गमवर टेकवायचा. त्यांच्या हातचा माल दोन्ही ट्रेंत जातो. त्यांनी कानातलं काढून पुढे केलं. "सर, माझं बघा बरं."

कापूस फिरवला. गुलाबी.

त्यांनी तो उजेडाला धरून बघितला. "रंग छान आलाय," म्हणाल्या. मग पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली, रंग नसलेली, कानातल्याच्या काडीवर आणि मागच्या बाजूला दोन हात दिले, फुंकर घालत उभ्या राहिल्या. "दर पंधरा दिवसांनी लावते. माझ्या बहिणीनं शिकवलंय."

वाळायला पाच मिनिटं लागली. घातलं, आणि ताटली घ्यायला खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बारा डझन पोचवायचे होते.