भाड्याचे घर आणि रेल्वेची लाइन

मुंबईत राहण्याची वस्ती ठरते ती आधी रेल्वेच्या लाइनीवरून. पश्चिम, मध्य आणि हार्बर या तिन्ही लाइनी मुख्यतः उत्तर-दक्षिण धावतात, त्यामुळे पूर्व-पश्चिम जाणाऱ्याचे हाल पूर्वापार चालत आले आहेत. नकाशावर शेजारी दिसणारी दोन उपनगरे गर्दीच्या वेळी एकमेकांपासून तासाभराहून लांब पडतात, तर ठाण्याहून फास्ट गाडीने दादर त्या मानाने जवळ वाटते. इथे अंतर कोणी किलोमीटरमध्ये सांगतही नाही. जून २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो सुरू झाली आणि साकीनाका-मरोळच्या नोकरदारांना मध्य रेल्वेवर घर शोधणे पहिल्यांदा परवडू लागले.

प्रस्तुत लेखकाच्या घरात एक नोकरी मरोळला आणि दुसरी ठाण्याला होती. अशा कुटुंबाला घाटकोपर सर्वांत सोयीचे, पण तिथली भाडी जड, आणि काही सोसायट्यांत भाडेकरूच्या पगाराआधी मासळीची चौकशी होते. डोंबिवलीत त्याच भाड्यात एक खोली जास्त मिळत होती. मराठी शेजार, नाट्यगृह, वाचनालये हेही होते. नडली ती सकाळची गाडी. कल्याणकडून येणारी फास्ट भरूनच येते, म्हणून कित्येक डोंबिवलीकर बसायला जागा मिळावी यासाठी आधी उलटे कल्याणला जातात. रोजचा हा उपद्व्याप एका खोलीच्या बदल्यात महागच म्हणायचा. अखेर विक्रोळी पूर्वेच्या कन्नमवार नगरात, म्हाडाच्या जुन्या वसाहतीत घर घेतले. विक्रोळीला फक्त स्लो गाड्या थांबतात. पण घाटकोपर एकाच स्टेशनावर आहे, आणि सकाळी ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीत त्या मानाने गर्दी कमी असते.

दलाल घर बहुधा रविवारी दुपारी दाखवतो. त्या वेळी कुठलीही गल्ली शांत आणि कुठलेही स्टेशन जवळ असते. कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला तिथून गाडीत चढून पाहिले, की शेअर रिक्षाची रांग, पुलावरची चेंगराचेंगरी आणि घर पूर्वेला आणि पश्चिमेला असण्यातला फरक आपोआप कळतो.

पावसाची चौकशी वेगळी करावी लागते. हिंदमाता, मिलन सबवे ही पाणी भरण्याची ठिकाणे सर्वांना ठाऊक आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी कुठे किती पाणी चढले होते हे जुने रहिवासी हात वर करून दाखवतात. तळमजल्याच्या भिंतीवरील ओलीची रेघही पुष्कळ सांगते. नळाला पाणी किती वाजता येते आणि टँकर मागवावा लागतो का, हे दलालापेक्षा वॉचमनला विचारावे.

शेवटी कागदपत्रे. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. खर्च कोणी करायचा यावर मात्र घासाघीस चालते. अनामत रक्कम, नूतनीकरणाच्या वेळची भाडेवाढ आणि दलाली पुन्हा द्यायची की नाही, हे आधीच लिहून घेतलेले बरे. नाहीतर दहाव्या महिन्यातच दलालाचे फोन सुरू होतात.