कोळभाट गल्लीतील सौम्य अक्षर

गिरगावातून ठाकुरद्वारमार्गे भुलेश्वर ओलांडून काळबादेवीकडे निघाले की कापडाच्या पेढ्यांच्या गजबजाटात कोळभाट गल्ली लागते. आपल्या समाजातील अनेकांचा व्यापार या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. याच गल्लीत निर्णयसागर छापखाना होता. येथे घडलेल्या देवनागरी अक्षराने आपल्या स्वाध्यायाला दिलेले रूप जाणून घेण्यासारखे आहे.

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ चा. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामापासून त्यांनी सुरुवात केली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या टाइपाचे ठसे राणोजी रावजी आरू यांनी कोरले. पोलादावर उलटे अक्षर कोरायचे, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि त्यात शिशाचा रस ओतायचा, अशी ही कष्टाची विद्या होती.

त्या अक्षराचा स्वभाव सौम्य आहे. बोरूच्या तिरप्या टोकातून उतरावी तशी त्याची रेघ कोठे भरते, कोठे बारीक होते. अक्षराच्या पोटातील जागा मोकळी असल्याने लहान आकारातही ते गिचमिड होत नाही. म्हणूनच एका पानावर मूळ श्लोक मोठ्या टाइपात आणि त्याखाली टीका बारीक टाइपात सुखाने मावते. दुकानाच्या पाटीला असे अक्षर चालणार नाही. दुरून ते विरून जाईल. पण तासभर वाचन करायचे असेल, तर ते डोळ्यांना शिणवीत नाही. खतावणी लिहिणाऱ्यास हे सांगावे लागू नये: ज्यात चूक लपत नाही, तेच अक्षर चांगले.

शास्त्रे छापण्यास आपल्या समाजात एके काळी मोठा विरोध होता. तरीही पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब यांनी संपादिलेल्या ‘काव्यमाले’च्या सातव्या गुच्छकात भक्तामरादी जैन स्तोत्रे येथेच छापली गेली. पुढे आगमोदय समितीचे अनेक ग्रंथही याच छापखान्यातून निघाले. भांडारात बंद असलेली जिनवाणी त्यामुळे सामान्य श्रावकाच्या हाती आली.

आज गिरगाव, परळ, लालबागच्या जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. घर बदलताना दागिने, दस्तऐवज आठवणीने नेले जातात. माळ्यावरील पोथ्या मात्र रद्दीत जातात. वाचकांना विनंती, की अशा पोथीचे मुखपृष्ठ आधी उघडून पाहावे. तेथे निर्णयसागरचे नाव आढळले, तर तिला स्वच्छ कापडात बांधून जवळच्या ज्ञानभांडारात द्यावे. घरातील मुलांकडून त्यातील एक पान मोठ्याने वाचून घेतले, तर अधिकच उत्तम. शिशाचे टाइप गेले. कागदावर उमटलेले अक्षर जपणे अजून आपल्या हाती आहे.