गव्हाणीची साखळी

दिवाळीच्या मागंपुढं अहिल्यानगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, पुढारी ऊस वर नेणाऱ्या गव्हाणीत मोळी टाकतात, फोटो निघतात. मोळी ज्या साखळीवर पडते तिचं नाव बातमीत कधी येत नाही. लोणीला 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी कारखाना उभा केला, त्यावर पुस्तकं निघाली. साखळी आवळणाऱ्यावर कोण लिहिणार?

गव्हाणीला समांतर साखळ्या असतात, त्यांवर आडव्या पोलादी पट्ट्या. टनावारी ऊस वर चढतो आणि सगळा भार बोटभर जाडीच्या पिनांवर येतो. साखळी लांबते ती पोलाद ताणून नव्हे. प्रत्येक सांध्यात पिन बुशमध्ये घासते. उसाबरोबर आलेली माती आणि आंबलेला रस त्या झिजेला मदत करतात. दर सांध्यात अर्धा मिलिमीटर गेला, तरी शंभर सांध्यांत पाच सेंटिमीटर होतात. मग परतीची बाजू झोळ धरते, कडी चाकाच्या दात्याच्या पायथ्याशी न बसता वर चढते आणि ऐन भाराच्या वेळी दाता चुकवते.

आवळताना आधी मोटर बंद, पॅनेलला कुलूप, किल्ली आपल्याच खिशात. मग शेपटाकडच्या शाफ्टचे लॉकनट सोडायचे आणि दोन्हीकडचे स्क्रू सारखे फिरवायचे. एकीकडं दोन आटे जास्त झाले तरी शाफ्ट तिरपा होतो, पट्ट्या वाकड्या चालतात, साखळी दात्याची एकच कड खाते. नवखा पोरगा पान्याला लोंबकळतो, तेव्हा मिस्त्री म्हणतो, "बास कर रं, तंबोरा लावायचा न्हाई."

फार ताणलेली साखळी बेअरिंग तापवते, पिना खाते, मोटरवर ओझं टाकते. झोळ हवाच. किती, त्याचे तक्ते पुस्तकात आहेत. मिस्त्री परतीची बाजू पहारीनं उचलून बघतो. मला पहार जास्त पटते. पण पहारीला झोळ कळतो, झीज नाही. त्यासाठी ताणातल्या साखळीच्या बऱ्याच कड्या एकदम टेपनं मोजाव्याच लागतात.

हंगामात हे काम सुखानं कोणी करू देत नाही. साखळी थांबली की यार्डात बैलगाड्या-ट्रॉल्यांची रांग वाढते, तोडलेला ऊस वाळून वजन घटतं. गाडीखाली सावलीला बसलेली पाथर्डीकडची तोडणीवाली शिव्या देते, आणि त्या तिच्या हक्काच्या आहेत. मजुरी टनावर, गाडी अडली की खेप बुडाली.

स्क्रूचे आटे संपले की कड्या काढतात. चेन ब्लॉकनं दोन्ही टोकं जवळ ओढायची, पिन ठोकून काढायची, कड्यांची जोडी कमी करून पुन्हा जोडायचं, आणि शेजारच्या साखळीतूनही तेवढंच काढायचं. झोळ जातो. उरलेल्या सांध्यांतली झीज तशीच राहते.

खरा वाद ऑफ सीझनला, नवी साखळी मागवताना. झिजलेल्या चाकाचे दाते आकड्यासारखे वळतात. त्यांवर नवी साखळी चढवली तर तीही लवकर जाते. मिस्त्री लिहून देतो, चाकंही बदला. खरेदीच्या कागदावर साखळी राहते, चाकं पुढल्या वर्षावर जातात. मिस्त्री सही करतो आणि स्टोअरमधून दोन लॉकनट जास्तीचे मागून घेतो.